पेटी, शिक्का, बटण : निवडणूक प्रचारसाहित्याचा संग्रह

निवडणूक संपली की उमेदवारांची नावे, त्यांना पडलेली मते आणि विजेत्यांची यादी निवडणूक आयोगाच्या अहवालात कायमची जाऊन बसते. मतदाराला पटवण्यासाठी, चेतवण्यासाठी, प्रसंगी घाबरवण्यासाठी जे जे छापले, रंगवले, शिवले आणि वाटले गेले, त्याला मात्र अशी जागा नसते. हँडबिले, भित्तिपत्रके, पत्र्याचे बिल्ले, कागदी पताका, चिन्ह छापलेल्या मतदार-चिठ्ठ्या, पोवाड्यांच्या चोपड्या, टोप्या, उपरणी, ध्वनिमुद्रिका, पुढच्या काळात कॅसेट आणि कागदी मुखवटे हे सारे काही आठवड्यांच्या उपयोगासाठी तयार होते आणि मतमोजणीनंतर रद्दीत जाते. जुन्या प्रचारसाहित्याचा संग्रह करणे म्हणजे या रद्दीतून लोकशाहीचा पुरावा वाचवणे. हे काम भारतात फार थोड्यांनी मनावर घेतले आहे आणि ते अधिक जणांनी घ्यायला हवे. मात्र त्याची सुरुवात दुर्मीळ वस्तूंच्या शोधाने केली तर संग्रह भरकटतो. एक लहान विषय आणि एक नोंदवही यांपासून केली तर तो टिकतो.

हा छंद सर्वांत आधी रुजला तो अमेरिकेत. जॉर्ज वॉशिंग्टन १७८९ मध्ये अध्यक्ष झाले तेव्हा त्या प्रसंगाची धातूची बटणे कोटाला शिवून लोक मिरवत होते. १८४० च्या निवडणुकीत विल्यम हेन्री हॅरिसन यांची विरोधकांनी लाकडी झोपडीत बसून हलकी दारू पिणारा म्हातारा अशी टिंगल केली. त्यांच्या व्हिग पक्षाने तीच झोपडी उचलून झेंड्यांवर, कपबश्यांवर आणि पदकांवर छापली. हॅरिसन प्रत्यक्षात व्हर्जिनियातल्या सुखवस्तू, प्रतिष्ठित घराण्यातले होते. झोपडीचे ते पदक आज हातात घेतले तर त्यातून हॅरिसन कळत नाहीत, पण मतदाराला कसला माणूस हवा होता असे पक्षाला वाटले, ते नेमके कळते. प्रचाराच्या वस्तूचे खरे मोल इथे आहे. ती उमेदवाराबद्दल बरेचदा खोटे बोलते. मतदाराबद्दलचा पक्षाचा अंदाज मात्र ती लपवू शकत नाही.

अब्राहम लिंकन यांच्या १८६० च्या प्रचारात पातळ लोखंडी पत्र्यावर काढलेली छोटी छायाचित्रे पदकांत बसवून वाटली गेली. १८९६ मध्ये मॅकिन्ली आणि ब्रायन यांच्या अध्यक्षपदाच्या लढतीत सेल्युलॉइडचा पारदर्शक पापुद्रा लावलेला, मागे टाचणी असलेला बिल्ला आला. न्यूअर्कच्या व्हाइटहेड अँड होग या कारखान्याने तो इतका स्वस्त केला की बिल्ला हेच अमेरिकी निवडणुकीचे मुख्य अंगचिन्ह बनले. संग्राहकांची संघटना १९४५ मध्ये स्थापन झाली. १९२० चे डेमोक्रॅटिक उमेदवार जेम्स कॉक्स आणि त्यांच्यासोबत उपाध्यक्षपदासाठी उभे असलेले फ्रँकलिन रूझवेल्ट या दोघांची छायाचित्रे एकत्र असलेले बिल्ले थोडेच निघाले. आज त्यांना हजारो डॉलर मोजावे लागतात. किंमत चढली की नकला येतात. १९७२ मध्ये एका तेल कंपनीने जुन्या बिल्ल्यांच्या प्रतिकृती जाहिरातीसाठी वाटल्या आणि त्या खऱ्यांत मिसळू लागल्या. पुढच्याच वर्षी, १९७३ मध्ये, अमेरिकी काँग्रेसने कायदा करून राजकीय वस्तूंच्या प्रतिकृतीवर ती बनवल्याचे साल कायमचे उमटवणे बंधनकारक केले. भारतात असा स्वतंत्र कायदा नाही, त्यामुळे इथल्या संग्राहकाला स्वतःच्या डोळ्यांवर आणि माहितीवर विसंबावे लागते.

अमेरिकेतला नमुना भारतात जसाच्या तसा चालत नाही. तिथला बिल्ला उमेदवाराच्या चेहऱ्याभोवती फिरतो, तर भारतातले प्रचारसाहित्य चिन्हाभोवती. याचे कारण पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत आहे. ऑक्टोबर १९५१ ते फेब्रुवारी १९५२ या काळात झालेल्या त्या निवडणुकीत १७ कोटींहून अधिक मतदार होते आणि त्यांतल्या बहुसंख्यांना अक्षर ओळखता येत नव्हते. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी प्रत्येक उमेदवारासाठी वेगळी पेटी आणि पेटीवर त्याचे चिन्ह अशी पद्धत ठरवली. मतदाराने आपली कोरी मतपत्रिका हव्या त्या चिन्हाच्या पेटीत टाकायची. मतपत्रिका एक रुपयाच्या नोटेएवढी होती आणि ती नाशिकच्या सरकारी मुद्रणालयात छापली गेली. पोलादी पेट्यांपैकी १२ लाखांहून अधिक गोदरेजने मुंबईत विक्रोळीला बनवल्या. देशाच्या पहिल्या मतदानाचा एवढा मोठा भाग महाराष्ट्राच्या आजच्या भूमीवर तयार झाला, ही गोष्ट इथल्या संग्राहकाने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

पेटीची ही पद्धत १९५७ पर्यंत चालली. १९६२ च्या निवडणुकीपासून सर्व उमेदवारांची नावे आणि चिन्हे एकाच मतपत्रिकेवर छापून तीवर शिक्का मारण्याची पद्धत रूढ झाली. मतदान यंत्राचा पहिला प्रयोग १९८२ मध्ये केरळात परूर इथे झाला आणि २००४ च्या लोकसभा निवडणुकीत देशभर यंत्रेच वापरली गेली. संग्राहकाला या तीन टप्प्यांचा फार उपयोग होतो, कारण जवळपास प्रत्येक हँडबिलावर मत कसे द्यायचे ते सांगितलेले असते. मत अमक्या चिन्हाच्या पेटीत टाका असे म्हणणारा कागद १९६२ च्या आधीचा. शिक्का मारा म्हणणारा त्यानंतरचा. बटण दाबा म्हणणारा यंत्राच्या काळातला. शिक्क्याच्या बाबतीत मात्र सावध राहावे लागते. स्थानिक निवडणुकांत मतपत्रिका अधिक काळ टिकली, त्यामुळे शिक्का हा शब्द एकटा पुरेसा पुरावा होत नाही.

त्याच्या जोडीला चिन्हाचा इतिहास लागतो. तो नीट माहीत असेल तर साल न छापलेला कागदही बोलता होतो आणि अर्धवट माहीत असेल तर चांगला संग्राहक फसतो. बैलजोडी काँग्रेसची, पण १९६९ च्या फुटीपर्यंतच. १९७१ च्या निवडणुकीत ती दोन्ही गटांना मिळाली नाही. इंदिरा गांधींच्या पक्षाने गाय-वासरू घेतले, संघटना काँग्रेसने चरखा. १९७८ च्या दुसऱ्या फुटीनंतर हात आला. म्हणून गाय-वासराचा बिल्ला १९७१ ते १९७७ या अवघ्या काही वर्षांतला ठरतो. जनसंघाची पणती १९७७ मध्ये जनता पक्षात विलीन झाली, त्या पक्षाचा नांगरधारी शेतकरी १९७७ पासून दिसतो आणि कमळ १९८० नंतर. समाजवादी पक्षाचे झाड १९५१-५२ चे. किसान मजदूर प्रजा पक्षाशी विलीनीकरण होऊन प्रजा समाजवादी पक्ष झाल्यावर झोपडी आली.

घोटाळा होतो तो एकच चिन्ह पुन्हा पुन्हा वापरले गेल्यामुळे. हाताचा पंजा पाहिला की तो इंदिरा काँग्रेसचा असे कोणीही म्हणेल. पण १९५१-५२ मध्ये हात हे चिन्ह फॉरवर्ड ब्लॉकच्या रुईकर गटाचे होते आणि रा. स. रुईकर हे नागपूरचे कामगार पुढारी. विदर्भात एखाद्या जुन्या घरात सापडलेला पंजाचा कागद त्या पहिल्या निवडणुकीचा असू शकतो, आणि तसा तो निघाला तर त्याच्यासारखी मोलाची वस्तू क्वचितच सापडेल. हत्ती १९५१-५२ मध्ये शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनचा होता, मग रिपब्लिकन पक्षाचा, पुढे १९८४ मध्ये स्थापन झालेल्या बहुजन समाज पक्षाचा. तारा आधी बोल्शेविक पक्षाचा, १९५९ नंतर स्वतंत्र पक्षाचा. मशाल पहिल्या निवडणुकीत क्रांतिकारी कम्युनिस्ट पक्षाकडे होती. शिवसेनेला धनुष्यबाण १९८९ मध्ये मिळाला. त्याआधी तिचे उमेदवार ढाल-तलवार, रेल्वे इंजिन, मशाल अशा वेगवेगळ्या चिन्हांवर लढले. २०२२ मध्ये पक्ष फुटल्यावर आयोगाने एका गटाला मशाल आणि दुसऱ्याला तात्पुरती ढाल-तलवार दिली. काही दशकांनी या दोन पिढ्यांचे बिल्ले एकाच डब्यात सापडतील तेव्हा त्यांतला फरक सांगणारी नोंद कोणी तरी आज करून ठेवलेली असली पाहिजे.

चिन्हाइतकेच सांगणारे दुसरे साधन म्हणजे मुद्रणरेषा, म्हणजे कागदाच्या तळाशी बारीक अक्षरांत असलेले मुद्रक आणि प्रकाशक यांचे नाव-पत्ते. छापलेल्या कागदावर मुद्रकाचे नाव असण्याची अट १८६७ च्या कायद्यापासून होती. लोकप्रतिनिधित्व कायद्यात १९६१ मध्ये १२७-अ हे कलम घालून निवडणुकीच्या पत्रकांवर आणि भित्तिपत्रकांवर मुद्रक आणि प्रकाशक दोघांचेही नाव-पत्ते बंधनकारक झाले. यामुळे प्रत्येक कागदाचे मूळ गाव कळते, कोणत्या छापखान्याने कोणत्या पक्षाचे काम केले ते कळते, एकाच छापखान्यात परस्परविरोधी उमेदवारांची हँडबिले छापली गेल्याचेही कळते. मुद्रणरेषा कापलेला कागद चांगला दिसतो म्हणून घेऊ नये. त्याचा अर्धा पुरावा गेलेला असतो. मुद्रणरेषा मुळातच नसेल तर तीही माहिती आहे. मतदानाच्या आदल्या रात्री वाटली जाणारी निनावी, जातीचे नाव घेऊन विष पेरणारी पत्रके बहुधा अशीच असतात. ती जपून ठेवली पाहिजेत, कारण निवडणुका कशा लढवल्या गेल्या हे त्यांच्याशिवाय पूर्ण समजत नाही. मात्र ती मांडताना सोबत संदर्भ दिला पाहिजे आणि त्यात बदनाम केलेल्या खासगी व्यक्तींची नावे झाकली पाहिजेत.

कागदाचे वय सांगणाऱ्या खुणा आणखीही आहेत. चोपडीची किंमत आण्यांत असेल तर ती १९५७ च्या दशमान नाण्यांच्या आधीची किंवा त्या संक्रमणातली. पत्त्यात पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरची. कुलाबा जिल्हा लिहिलेले असेल तर त्याचे रायगड होण्याच्या, म्हणजे १९८१ च्या, आधीची. अठरा वर्षांच्या नव्या मतदारांना आवाहन असेल तर १९८९ नंतरची, कारण त्याआधी मतदानाचे वय २१ होते. मराठी कागदांना एक खास खूण आहे. शब्दांवर अनुच्चारित अनुस्वार जागोजाग दिलेले असतील तर मजकूर १९६२ च्या शुद्धलेखन नियमांच्या आधीच्या वळणाचा असतो. जुन्या जुळाऱ्यांचा हात मात्र नियम बदलल्यावर लगेच बदलला नाही, म्हणून या खुणेला दुसऱ्या खुणेचा आधार हवा. एका पुराव्यावर साल ठरवू नये, दोन जुळले तर नोंदवहीत लिहावे, आणि ते कशावरून ठरवले तेही लिहावे.

छपाईची पद्धतही पाहावी लागते. खिळे जुळवून ट्रेडल मशीनवर छापलेल्या हँडबिलावर अक्षराचा दाब कागदाच्या पाठीमागे बोटाला लागतो आणि चिन्हासाठी जस्ताचा ब्लॉक वापरलेला असतो. ऑफसेटला असा दाब नसतो. घरगुती प्रिंटरवर काढलेली नक्कल भिंगाखाली शाईच्या विखुरलेल्या ठिपक्यांनी उघडी पडते. पत्र्याच्या बिल्ल्याचा गंज कडेच्या दुमडीत आणि टाचणीच्या मुळाशी खोल बसलेला असावा; फक्त वरच्या बाजूला, एकसारखा दिसणारा गंज मुद्दाम आणलेला असण्याची शक्यता मोठी. विकणाऱ्याने वस्तूसोबत फार चांगली गोष्ट सांगितली तर वस्तू आणखी बारकाईने तपासावी.

इतक्या विस्तीर्ण क्षेत्रात नवख्या माणसाने कुठे सुरुवात करावी, या प्रश्नाचे ठाम उत्तर देता येते. एक मतदारसंघ घ्यावा, शक्यतो स्वतःचा, आणि त्यातल्या सर्व निवडणुकांमधील सर्व उमेदवारांचे जे मिळेल ते घ्यावे. देशभरच्या मोठ्या नेत्यांचे बिल्ले जमवणारा संग्रह दिसायला भरघोस असतो, पण त्यातल्या दोन वस्तूंमध्ये काही नाते नसते. एका मतदारसंघाच्या संग्रहात प्रत्येक कागद दुसऱ्याला उत्तर देतो. काँग्रेसच्या हँडबिलातला आरोप शेतकरी कामगार पक्षाच्या हँडबिलात खोडलेला सापडतो, अपक्षाचे चिन्ह का निवडले ते कळते, पाणी, रस्ता, गिरणी, कूळकायदा यांपैकी कोणता प्रश्न कोणत्या साली पुढे आला ते दिसते. वृत्तपत्रांत नेत्यांची भाषणे मिळतात. वाडीवस्तीवरच्या मतदाराला उमेदवाराने प्रत्यक्ष काय सांगितले, ते या कागदांतच उरते.

या पद्धतीत हरलेल्यांना जागा मिळते, आणि ती मिळालीच पाहिजे. १९५२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबई उत्तर या मतदारसंघातून नारायण काजरोळकर यांच्याकडून पराभूत झाले. समाजवादी पक्षाचे अशोक मेहता त्यांच्यासोबत लढत होते आणि तेही हरले. त्या प्रचाराचा हत्तीचा एक कागद आणि झाडाचा एक कागद शेजारी शेजारी ठेवला तर दोन पक्षांची युती दलित आणि समाजवादी मतदारांसमोर कशी मांडली गेली याचा अभ्यास करता येईल. विजेत्याच्या बिल्ल्यांना बाजारात मागणी असते म्हणून ते टिकतात. पराभूताचे साहित्य त्याच्या कार्यकर्त्यांच्या माळ्यावरच असते, आणि ते घर पाडले गेले की संपते.

महाराष्ट्रात संग्रहासाठी विशेष समृद्ध असा काळ १९५६ ते १९६० चा आहे. संयुक्त महाराष्ट्र समिती ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात स्थापन झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आचार्य अत्रे यांचे ‘मराठा’ दैनिक सुरू झाले. १९५७ च्या निवडणुकीत समितीच्या उमेदवारांनी काँग्रेसला मुंबईत आणि पश्चिम महाराष्ट्रात जबर धक्का दिला. कॉम्रेड डांगे मुंबईतून, क्रांतिसिंह नाना पाटील साताऱ्यातून लोकसभेत गेले. त्या प्रचारात अण्णाभाऊ साठे, अमर शेख, आत्माराम पाटील यांसारख्या शाहिरांचा आवाज सभांइतकाच दूर पोहोचला, आणि कवनांच्या स्वस्त चोपड्या लोकांनी विकत घेतल्या. प्रचारसाहित्य फुकट वाटले जाते या सर्वसाधारण नियमाला हा मोठा अपवाद आहे. लोक पैसे देऊन जी चोपडी घरी नेतात आणि पाठ करतात, ती निव्वळ प्रचार राहत नाही. अशा चोपड्या आज मिळाल्या तर कडेला पेन्सिलीने केलेल्या खुणा, चाल लिहिलेली ओळ, मालकाचे नाव यांसकट तशाच जपाव्यात.

मुंबईतल्या आणखी दोन लढती स्वतंत्र संग्रहाचा विषय होऊ शकतात. १९६२ मध्ये उत्तर मुंबईत संरक्षणमंत्री कृष्ण मेनन आणि आचार्य कृपलानी यांची लढत झाली. देशभरचे लक्ष तिच्याकडे होते आणि मेनन विजयी झाले. १९६७ मध्ये दक्षिण मुंबईत जॉर्ज फर्नांडिस यांनी स. का. पाटील यांना हरवले. पाटील हरू शकतात हेच आधी मतदाराला पटवून द्यायचे होते, आणि त्या प्रचाराची सगळी मांडणी या एका मुद्द्यावर उभी होती. अशा लढतीचे चार कागद एखाद्या सविस्तर चरित्रापेक्षा जास्त शिकवतात.

शोधाच्या जागा ठरलेल्या आहेत. पुण्याचा जुना बाजार आणि मुंबईचा चोर बाजार यांची नावे सर्वांना माहीत आहेत, पण तिथे वस्तू मूळ जागेपासून तुटून आलेली असते. बंद पडलेला किंवा ऑफसेटकडे वळलेला जुना छापखाना त्याहून मोलाचा. मालकाने नमुन्यासाठी ठेवलेल्या प्रती, चिन्हांचे जस्ताचे ब्लॉक, कामाच्या नोंदवह्या तिथे मिळू शकतात, आणि कामाच्या नोंदवहीत कोणाचे किती हजार हँडबिल छापले ते लिहिलेले असते. कार्यकर्त्यांची कुटुंबे हा दुसरा मार्ग. तिसरा, आणि सर्वांत दुर्लक्षित, म्हणजे भिंती रंगवणारे पेंटर. गेरू आणि चुन्याने रंगवलेल्या भिंती हा एकेकाळी प्रचाराचा मुख्य मार्ग होता. मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांच्या कारकिर्दीत, म्हणजे १९९० ते १९९६ या काळात, आचारसंहितेचा अंमल कडक झाला. महाराष्ट्रात १९९५ मध्ये मालमत्तेच्या विद्रूपीकरणाला आळा घालणारा कायदा आला, आणि पुढे फ्लेक्सने पेंटरचे उरलेले कामही नेले. भिंत संग्रहात आणता येत नाही, पण पेंटरकडच्या स्टेन्सिल, नमुन्यांच्या वह्या आणि छायाचित्रे आणता येतात. त्याची मुलाखत घेता येते. ती आजच घ्यावी लागेल, कारण ही माणसे आता वृद्ध आहेत.

वस्तू मिळताना तिच्याबद्दल जे सांगितले गेले ते त्याच दिवशी लिहून ठेवणे हा या छंदातला एकमेव अनुल्लंघ्य नियम मानावा. वस्तू कोणाकडून, कोणत्या गावातून, कधी आली. मतदारसंघ, पक्ष, उमेदवार. साल आणि ते कशावरून ठरवले. पूर्वीच्या मालकाचा त्या निवडणुकीशी संबंध काय, इतके पुरे. वस्तूवर पेनने काहीही लिहू नये. क्रमांक मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने टाकावा. नोंद नसलेला बिल्ला शोभेची वस्तू असतो. नोंद असलेला फाटका कागद संशोधकाच्या कामी येतो.

कायद्याच्या सीमा फार नाहीत, पण पक्क्या आहेत. प्रचारसाहित्य आणि निवडणुकीचे सरकारी साहित्य यांत फरक करावा. मतपत्रिका, पेट्या, मोहोरा, मतदान यंत्रे ही शासनाची मालमत्ता आहे. मतदान केंद्रातून मतपत्रिका बाहेर नेणे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे गुन्हा आहे, आणि वापरलेल्या मतपत्रिका नियमानुसार ठरावीक मुदतीनंतर नष्ट केल्या जातात. म्हणून खरी, शिक्का मारलेली मतपत्रिका कोणी विकायला आणली तर ती घेऊ नये. पक्षांनी वाटलेल्या नमुना मतपत्रिकांना ही अडचण नाही, आणि त्या रंगीबेरंगी नमुन्यांतून माहितीही भरपूर मिळते. पुरावशेष आणि बहुमोल कलावस्तू कायदा, १९७२ सर्वसाधारणपणे शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना लागू होतो आणि अशा वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. स्वातंत्र्योत्तर निवडणुकांचे साहित्य या वयात बसत नाही. १९२० आणि १९२३ च्या प्रांतिक कायदेमंडळाच्या निवडणुकांचे, त्यांतल्या दुसरीत उतरलेल्या स्वराज्य पक्षाचे एखादे पत्रक हाती आले तर मात्र कायदा वाचावा. मतदानापूर्वी लागलेले फलक काढून आणणे हे संग्राहकाला शोभणारे नाही. निकाल लागेपर्यंत थांबावे.

जतनाबद्दल थोडक्यात सांगता येते, कारण नियम साधे आहेत आणि चुका ठरावीक. हँडबिले बहुधा लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदावर छापली जात. असा कागद स्वतःच्याच आम्लाने पिवळा पडून तुटतो. त्याला लॅमिनेशन करणे म्हणजे तो कायमचा बिघडवणे, सेलोटेपचेही तेच. आम्लरहित कागदात किंवा पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात, सपाट, अंधारात ठेवावा. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याची दमट हवा हा मोठा शत्रू आहे, त्यामुळे कपाटात सिलिका जेल आणि कसरीवर लक्ष हवे. सेल्युलॉइडचे जुने बिल्ले कालांतराने आम्ल सोडतात. ते कागदापासून वेगळे ठेवावेत. फ्लेक्स घडी न घालता नळीवर गुंडाळावा.

या छंदावर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्हींचे उत्तर द्यायला हवे. पहिला असा की छायाचित्र काढून संगणकात ठेवले म्हणजे काम झाले, वस्तू कशाला सांभाळायच्या? छायाचित्र काढावेच, आणि ते लोकांना उपलब्धही करून द्यावे. पण कागदाची जात, छपाईचा दाब, बिल्ल्याच्या टाचणीचा प्रकार, हँडबिलाचा चार घड्या घालून खिशात बसणारा लहान आकार हे छायाचित्रात येत नाही, आणि नकलेचा संशय आला तर तपासायला मूळ वस्तूच लागते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : राजकारणात रस असलेला माणूस कोणत्या तरी बाजूचा असतो, मग त्याचा संग्रह एकतर्फी होणार नाही का? होतो. महाराष्ट्रातल्या अनेक घरांतली कागदपत्रे एकाच पक्षाची आहेत, कारण जमवणारा त्या पक्षाचा होता. यावर उपाय शिस्तीचा आहे. आवडत्या पक्षाची वस्तू नोंदवली की त्याच निवडणुकीतली प्रतिस्पर्ध्याची वस्तू शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये. हे कठीण आहे, आणि हे जमले नाही तर त्या कामाला संग्रह म्हणू नये, भक्ती म्हणावी.

किमतीचा प्रश्न शेवटी येतो आणि तो शेवटीच यावा. भारतात या वस्तूंचा स्थिर बाजार अजून बसलेला नाही, त्यामुळे गुंतवणूक म्हणून त्यांत उतरणाऱ्याची निराशा होईल. नवख्या माणसाने पहिली काही वर्षे महागडी वस्तू घेऊच नये. रद्दीवाला, छापखाना, नातेवाईक यांच्याकडून जे अल्प मोलात किंवा मागून मिळते त्यावर हात बसवावा. दिनकर केळकर यांनी दिवे, अडकित्ते, घरगुती वस्तू एकेक करून जमवल्या तेव्हा त्यांतल्या बहुतेकांना बाजारात फारशी किंमत नव्हती. पुढे त्यांनी तो संग्रह राज्य शासनाच्या स्वाधीन केला आणि पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय आज त्या वस्तूंमुळेच ओळखले जाते.

प्रचारसाहित्याच्या संग्राहकानेही आपला संग्रह पुढे कोणत्या संस्थेकडे जाईल हे हयातीतच ठरवावे, यादीची एक प्रत त्या संस्थेकडे आणि एक घरी ठेवावी, आणि वारसांना सांगून ठेवावे. दिवंगत माणसाच्या कपाटातले जुने हँडबिल घरच्यांना कचराच वाटते, आणि त्यात त्यांची चूक नसते. सुरुवात करण्यासाठी जुनी वस्तू सापडण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका, विधानसभा यांपैकी कोणती ना कोणती निवडणूक महाराष्ट्रात दर वर्षी होतच असते. तिच्या निकालाच्या दुसऱ्या दिवशी आपल्या प्रभागातल्या प्रत्येक उमेदवाराचा एक कागद गोळा करावा आणि त्यावर नसलेली तारीख नोंदवहीत लिहून ठेवावी.